शहराने कार्बन खरंच घटवला का? हिशेब तपासायची रीत

एखाद्या महापालिकेच्या अहवालात ‘उत्सर्जनात घट’ असा आकडा दिसला, तर त्यामागे चार कारणं असू शकतात. शहराने खरोखर काही केलं. देशाच्या विजेतलं कोळशाचं प्रमाण बदललं. धंदा मंदावला किंवा उन्हाळा सौम्य गेला. नाहीतर मोजायची रीतच बदलली. श्रेय फक्त पहिल्या कारणाचं. तपासणी करायची म्हणजे ही चार कारणं एकमेकांपासून सोडवायची, आणि त्याला साधं एक्सेल पुरतं. इथे उदाहरण मुंबईचं घेतलं आहे, कारण तिचा आराखडा जाहीर आहे, आधारवर्ष (ज्याच्याशी पुढची वर्षं ताडायची ते) ठरलेलं आहे आणि कच्ची माहिती बऱ्याच अंशी सार्वजनिक आहे.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात २०१९ हे आधारवर्ष धरलं आहे. त्या वर्षीचं एकूण उत्सर्जन २३४.२ लाख टन, म्हणजे माणशी सुमारे १.८ टन. त्यातलं ७२ टक्क्यांच्या आसपास इमारती-उद्योगांतली वीज आणि इंधन, २० टक्के वाहतूक, उरलेलं कचरा. लक्ष्य असं: २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के, २०५० ला निव्वळ शून्य, म्हणजे उरेल तेवढं उत्सर्जन शोषून घ्यायचं. हे आकडे कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा, पुढे सगळं त्यांच्याशीच ताडायचं आहे.

आधी सीमा आणि रकाने

कुठलं शहर मोजतोय हे पहिल्या ओळीत ठरवा. महापालिकेची हद्द की ६,३२८ चौरस किलोमीटरचा महानगर प्रदेश? दोन्हींपैकी काहीही चालेल, पण आधारवर्षात एक आणि तुलनेच्या वर्षात दुसरं, असं झालं की हिशेब तिथेच संपला.

शहरांच्या मोजणीसाठी २०१४ पासून जीपीसी नावाची नियमावली जगभर वापरतात. तिच्यात तीन स्कोप आहेत. हद्दीत जळलेलं इंधन स्कोप १, बाहेरून आलेली वीज स्कोप २, आणि शहरामुळे पण हद्दीबाहेर होणारं उत्सर्जन स्कोप ३. अहवाल ‘बेसिक’ पातळीचा आहे की ‘बेसिक प्लस’, हे पहिल्या दोन-चार पानांत शोधा. बेसिकमध्ये हद्दीबाहेर जाणारी विमानं धरत नाहीत, सिमेंट-खतासारख्या कारखान्यांतल्या रासायनिक प्रक्रियांचं उत्सर्जन धरत नाहीत आणि वीजवहनातली गळतीही धरत नाहीत. बेसिक प्लसमध्ये हे सगळं येतं. एका शहराचा बेसिक आणि दुसऱ्याचा बेसिक प्लस शेजारी ठेवून कोण पुढे हे ठरवणारे तक्ते इंटरनेटवर सर्रास दिसतात. ते वाचायच्या लायकीचे नाहीत.

मुंबईत या रकान्यांचे दोन पेच आहेत. पहिला, ट्रॉम्बेचं औष्णिक वीजकेंद्र. ते हद्दीत आहे, त्यामुळे त्याचा धूर स्कोप १ वाटतो. पण त्याची वीज जाळ्यात जाते आणि तीच पुढे ग्राहकांच्या स्कोप २ मध्ये मोजली जाते. दोन्ही बेरजेत धरलं तर तेच टन दोनदा आले. म्हणून जीपीसी अशा केंद्राचा आकडा वेगळा दाखवायला सांगते, बेरजेत घेत नाही. असं केंद्र उद्या बंद झालं आणि अहवालाने ती घट शहराच्या एकूण आकड्यात दाखवली, तर समजावं की आधी दुहेरी मोजणी झाली होती. दुसरा पेच विमानतळाचा. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाला आणि तो मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. बेसिक प्लसमध्ये सांताक्रूझला भरलेलं इंधन मोजत असाल, तर उड्डाणं तिकडे सरकली की मुंबईचं उत्सर्जन ‘घटेल’, आकाशात मात्र काहीच बदललेलं नसेल.

यानंतर रिकाम्या चौकटी पाहा. जीपीसीच्या तक्त्यात आकड्याऐवजी अक्षरं असतात: ‘एनओ’ म्हणजे असा उद्योग शहरात नाही, ‘एनई’ म्हणजे मोजलं नाही, ‘आयई’ म्हणजे दुसऱ्या रकान्यात धरलं, ‘सी’ म्हणजे गोपनीय. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसमोर किंवा चेंबूरच्या खतकारखान्यासमोर ‘एनई’ दिसलं तर थांबा. ‘एनई’ म्हणजे शून्य नव्हे. आणि ‘आयई’ असेल तर तो आकडा नेमका कुठे धरला ते शोधून काढा. नाही सापडला, तर तो कुठेच धरलेला नाही असं मानून चाला.

वीज: खरा निकाल इथे लागतो

विजेचं उत्सर्जन म्हणजे वापरलेली युनिटं गुणिले दर युनिटमागचा गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा. युनिटांचा आकडा महापालिकेकडे मागण्यापेक्षा महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे वीजकंपन्या दर ठरवून घेण्यासाठी ज्या याचिका टाकतात, त्यांत पाहा. घरगुती, व्यापारी, औद्योगिक अशी वर्गवार विक्री तिथे मिळते. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण अशा चार ठिकाणांहून बेरीज करावी लागते. बेस्टच्या हद्दीत टाटाचे ग्राहक, उपनगरात अदानी आणि टाटा दोघांचे ग्राहक, एकमेकांच्या तारांवरून दिलेली वीज, असा गुंता आहे. तेव्हा ‘तारांवरून वाहिलेली’ नव्हे, ‘स्वतःच्या ग्राहकांना विकलेली’ युनिटंच घ्या. रेल्वेची वीज यांत असेलच असं नाही, ती वेगळी विचारा. लोकलगाड्यांचा वापर किरकोळ नसतो.

गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. २०२२-२३ चा ०.७१६ किलो होता, २०२३-२४ चा ०.७२७. म्हणजे वाढला. २,००० कोटी युनिटं वापरणाऱ्या शहराने एक दिवाही जादा लावला नाही, तरी या फरकामुळे २.२ लाख टन वाढतात. प्राधिकरणाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत अपारंपरिक ऊर्जा धरलेला आणि न धरलेला, असे दोन प्रकारचे गुणांक सापडतात. एका वर्षाला हा आणि दुसऱ्या वर्षाला तो लावला की पाच-दहा टक्क्यांची घट हवेतून निर्माण होते. दोन्ही वर्षांचा गुणांक एकाच तक्त्यातून उचला.

आता वाटणी. समजा आधारवर्षात १,८०० कोटी युनिटं आणि गुणांक ०.८० होता: १४४ लाख टन. तुलनेच्या वर्षी २,००० कोटी युनिटं आणि ०.७०: १४० लाख टन. घट ४ लाख टन. तिची फोड अशी करतात:

वापराचा परिणाम = युनिटांतली वाढ २०० कोटी × दोन गुणांकांची सरासरी ०.७५ = १५ लाख टन वाढ.
गुणांकाचा परिणाम = गुणांकातली घट ०.१० × दोन वर्षांच्या वापराची सरासरी १,९०० कोटी = १९ लाख टन घट.

१५ वजा १९, उणे ४. बेरीज जुळते, म्हणजे फोड बरोबर आहे. आणि चित्र उलटं दिसतं: शहराचा वापर वाढलाच आहे, घट राष्ट्रीय जाळ्याने दिली आहे. सरासरी घेण्याऐवजी दोन्ही परिणाम आधारवर्षाच्याच गुणांकाने आणि युनिटांनी काढणारेही असतात. मग २ लाख टनांचा एक तुकडा कुणाच्याच नावावर पडत नाही आणि ज्याला जसा हवा तसा तो वापरतो.

लंडनची गेल्या दहा-बारा वर्षांतली घट वाचताना हेच करावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१२ साली जवळपास ४० टक्के वीज कोळशाची होती, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तिथलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. त्या घटीचा मोठा हिस्सा लंडनच्या महापौरांनी काही केलं नसतं तरी झालाच असता. टोकियोने यावर चांगला तोडगा काढला होता. २०१० मध्ये मोठ्या इमारती आणि कारखान्यांवर उत्सर्जनाची मर्यादा घालताना त्यांनी पाच वर्षांच्या टप्प्यासाठी गुणांक गोठवला, युनिटला ०.३८२ किलो. पुढच्याच वर्षी फुकुशिमाचा अणुअपघात झाला, अणुवीज बंद पडत गेली, प्रत्यक्ष गुणांक चढला. पण हिशेबातला गुणांक स्थिर असल्यामुळे इमारतीने वीज वाचवली की नाही, एवढंच स्वच्छ दिसत राहिलं. आपणही तपासणीत एक रकाना ‘आधारवर्षाच्या गुणांकाने’ असा ठेवावा.

हरित विजेच्या करारांबाबत एक इशारा. वीजकंपनीने सौर-पवन वीज विकत घेतली आणि अहवालाने कमी गुणांक लावला, तर तो ‘करारानुसार’ हिशेब झाला. तो चूक नाही. पण तेच सौर-पवन प्रकल्प राष्ट्रीय सरासरीतही धरलेले असतात. म्हणून करारानुसार आणि ठिकाणानुसार (जाळ्याच्या सरासरी गुणांकाने) असे दोन आकडे वेगळे हवेत, आणि आधारवर्षही दोन्ही रीतींनी काढलेलं हवं. २०१९ ठिकाणानुसार आणि २०२४ करारानुसार ही जोडी दिसली, तर ती घट खोडून टाका.

वाहतूक: पंपावरची विक्री फसवते

रस्त्यावरचं उत्सर्जन दोन रीतींनी काढतात: शहरातल्या पंपांवर विकलेल्या इंधनावरून, किंवा वाहनं किती किलोमीटर धावली त्यावरून. पहिली रीत सोपी, गुणांक पक्के. डिझेलच्या लिटरला साधारण २.६५ किलो, पेट्रोलला २.२७, सीएनजीच्या किलोला २.६९, एलपीजीच्या किलोला २.९८. म्हणजे १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो.

पण विक्रीचा आकडा किमतीमागे पळतो. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत डिझेलवर २४ टक्के कर होता आणि उरलेल्या महाराष्ट्रात २१ टक्के. १ जुलै २०२४ पासून तो सगळीकडे २१ झाला. बाहेर टाकी भरून शहरात येणारा ट्रकवाला आता आतच भरू शकतो. त्यामुळे २०२४ नंतर मुंबईतली डिझेलविक्री वाढलेली दिसली तर लगेच गाड्या वाढल्या असं धरू नका, आणि त्याआधीच्या घटीवरही फार विश्वास ठेवू नका. सीएनजीचं दुखणं निराळं: महानगर गॅसचा एकूण आकडा मुंबईपलीकडचं ठाणं आणि रायगडही धरतो, त्यातून मुंबईचा वाटा वेगळा मागावा लागतो. सरकारी ‘वाहन’ पोर्टलवरची नोंदणी ही नोंदणीच असते. भंगारात गेलेली गाडीही तिथे वर्षानुवर्षं ‘जिवंत’ असते.

इलेक्ट्रिक बसचं श्रेय मोजताना वाहतुकीचा रकाना एकटा पाहू नये, कारण ते उत्सर्जन विजेच्या रकान्यात गेलेलं असतं. समजा वातानुकूलित डिझेल बस लिटरला ३ किलोमीटर देते: किलोमीटरला ०.८८ किलो. तेवढीच इलेक्ट्रिक बस १.२ युनिट घेते: ०.७२७ च्या गुणांकाने ०.८७. आज बरोबरीच. हवा स्वच्छ होते, आवाज कमी होतो, आणि वीज सुधारेल तसा कार्बनही घटेल. पण ‘इतक्या बस आल्या म्हणून इतके टन वाचले’ हा दावा कुठल्या गुणांकावर उभा आहे ते विचाराच. बसमुळे खरी बचत होते ती माणसं दुचाकी आणि मोटार सोडून बसमध्ये बसली तर. त्यासाठी रोजचे प्रवासी वाढले का ते पाहा, बसची संख्या नव्हे.

कचरा: रक्कम लहान, घोळ मोठा

एक टन मिश्र कचरा पुरला तर किती मिथेन निघेल, याचं सूत्र असं: मिथेन गुणक (ढिगात हवा किती जाते यावर ठरणारा) × कुजणाऱ्या कार्बनचं प्रमाण × त्यातला प्रत्यक्ष कुजणारा हिस्सा × वायूतलं मिथेनचं प्रमाण × १६/१२. नेहमीचे आकडे घाला: १ × ०.१५ × ०.५ × ०.५ × १.३३ = ०.०५ टन, म्हणजे ५० किलो मिथेन. मिथेनची तापवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात, म्हणून त्याला २८ ने गुणलं की १.४ टन कार्बन डायऑक्साइडइतकं. टनाला १.४ टन! रोज सुमारे ६,५०० टन कचरा टाकणाऱ्या शहरात यातला प्रत्येक आकडा तपासावाच लागतो.

सर्वांत जास्त घोळ त्या २८ चा. मिथेनची ताकद जुन्या हिशेबात २१ धरत, मग २५, आता २८. आधारवर्ष २५ ने आणि नवं वर्ष २८ ने काढलं, तर कचऱ्याचं उत्सर्जन विनाकारण १२ टक्के वाढतं. ताकदीचा एकच आकडा धरून दोन्ही वर्षं पुन्हा काढा.

मिथेन गुणकातही गंमत आहे. उघड्या, खोल कचराडोंगराला ०.८ लावतात, व्यवस्थित थर देऊन झाकलेल्या भरावक्षेत्राला १. कारण झाकलेल्या ढिगात हवा कमी जाते, मिथेन जास्त होतो. म्हणजे कचऱ्याची व्यवस्था सुधारली की कागदावरचं उत्सर्जन वाढतं, जोवर वायू पकडून जाळला जात नाही. म्हणून सारा भर ‘किती वायू पकडला’ यावर येतो. इथे टक्केवारी स्वीकारू नका. वायूच्या मीटरची महिनावार नोंद आणि त्यातलं मिथेनचं प्रमाण मागा. नोंद नसेल तर पकड शून्य धरा. आंतरराष्ट्रीय नियमावलीही गृहीत आकडा शून्यच धरते.

अजून एक: काही अहवाल कचरा टाकला त्या वर्षीच पुढचं सगळं मिथेन मोजतात, काही वर्षावर्षाला जेवढं निघेल तेवढंच. पहिल्या रीतीत ओला कचरा वेगळा केला की घट त्याच वर्षी दिसते, दुसरीत हळूहळू. देवनारसारख्या १९२७ पासून वापरात असलेल्या जागेचं जुनं मिथेन पहिल्या रीतीत दिसतच नाही. कुठलीही रीत चालेल, मधेच बदलू नये. आणि कचरा हद्दीबाहेर नेला म्हणून सुटका नाही. बेसिक पातळीवरही तो स्कोप ३ म्हणून शहराच्याच खात्यात येतो.

वर्ष, हवामान, डोकी

आधारवर्ष किंवा तुलनेचं वर्ष २०२० असेल तर तुलना बाजूला ठेवा. टाळेबंदीतली घट हे धोरणाचं फळ नव्हे. विजेची माहिती एप्रिल ते मार्च आणि उत्सर्जनाचा अहवाल जानेवारी ते डिसेंबर, हा गोंधळही नेहमीचा. महिनावार आकडे घेऊन एकाच कॅलेंडरवर आणा.

वातानुकूलनाचा परिणाम काढायला दर दिवसाच्या सरासरी तापमानातून २४ अंश वजा करा, उणे आलं तर शून्य धरा, महिन्याची बेरीज घ्या. ही बेरीज आणि त्या महिन्याची युनिटं यांचा आलेख तीन-चार वर्षांचा काढला की अंशामागे किती युनिटं वाढतात ते कळतं. मग दोन्ही वर्षं सारख्याच तापमानावर आणून तुलना करा. मुंबईत दमटपणामुळे हा मेळ दिल्लीइतका घट्ट बसत नाही. ऑक्टोबरला जरा सावधपणे पाहा.

माणशी आकड्यात खालचा आकडा, म्हणजे लोकसंख्या, हीच कच्ची बाजू. शेवटची जनगणना २०११ ची, मुंबई १ कोटी २४ लाख. त्यानंतरचे सगळे अंदाज. लोकसंख्येचा अंदाज ५ टक्के फुगवला की माणशी उत्सर्जन जवळपास ५ टक्के घटतं. एकूण टन आधी, माणशी टन नंतर.

लक्ष्याच्या रेषेवर ठेवा

२३४.२ लाखांचे ३० टक्के कमी म्हणजे २०३० ला १६३.९ लाख टन. अकरा वर्षांत ७०.३ लाख, म्हणजे वर्षाला ६.४ लाख टनांची घट. २०३० ते २०४० मध्ये फक्त ३२.८ लाख, वर्षाला ३.३. आणि शेवटच्या दशकात १३१ लाख, वर्षाला १३. म्हणजे सगळ्यांत अवघड चढ शेवटी ठेवला आहे. अशा रेषेवर मधली दहा वर्षं शहर ‘वेळापत्रकानुसार’ चाललेलं दिसेल आणि तरी मागे पडलेलं असेल. वातावरणात साठतो तो दरवर्षीचा आकडा. म्हणून शेवटच्या वर्षाबरोबर मधल्या सगळ्या वर्षांची बेरीजही काढा.

‘निव्वळ’ या शब्दामागे काय आहे तेही पाहा. मोठं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो कार्बन डायऑक्साइड घेतं असं धरलं, तर एक लाख झाडं २,००० टन घेतील. २३४ लाख टनांपुढे तो एक टक्क्याचा शंभरावा भागही नाही. झाडं सावलीसाठी, पाण्यासाठी लावावीत. ताळेबंदात त्यांच्यावर भिस्त ठेवणारा अहवाल कच्चा समजावा. कोपनहेगनने २०२५ पर्यंत कार्बनमुक्त व्हायचं ठरवलं होतं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जमणार नाही असं उघड सांगितलं, कारण कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या धुरातून कार्बन पकडायच्या योजनेला निधी मिळाला नाही. तरी त्या शहराची प्रत्यक्ष घट मोठी आहे. लक्ष्य हुकलं म्हणून शहराला नापास करण्यापूर्वी एकूण आणि निव्वळ हे दोन आकडे वेगळे करावेत.

शेवटी, शहराच्या हातात काय होतं आणि त्याने काय वापरलं. न्यूयॉर्कच्या २०१९ च्या कायद्यात २५,००० चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींना मर्यादा आहे, ती २०२४ पासून लागू झाली, आणि ओलांडली तर जादा टनाला २६८ डॉलर दंड. आकडा, तारीख आणि दंड तिन्ही आहेत. तुमच्या शहराच्या यादीतलं प्रत्येक काम या तीन खुणांवर घासा. महापालिकेच्या हवामान अर्थसंकल्पातली रक्कम पाहून हुरळून जाऊ नका. मुंबईच्या अशा अर्थसंकल्पात पूरनियंत्रण आणि सांडपाण्याची कामंही येतात. ती गरजेची आहेत, पण त्यांनी टन घटतीलच असं नाही. खर्चाच्या ओळीसमोर ‘वर्षाला किती टन’ हा रकाना रिकामा असेल तर ती ओळ घटीच्या हिशेबातून काढा.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक क्षेत्राला चार रकाने द्या: शहराची कृती, वीजजाळं, अर्थव्यवस्था-हवामान, मोजणीतला बदल. शेजारी माहितीचा दर्जा लिहा: मीटरची नोंद असेल तर चांगला, विक्रीवरून वाटणी केली असेल तर मध्यम, राज्याच्या सरासरीवरून काढला असेल तर कच्चा. वाहतुकीचा आकडा कच्चा असताना तिथली तीन टक्क्यांची घट ‘बदल नाही’ अशीच नोंदवावी. आणि मूळ एक्सेल नसेल, नुसता छापील अहवाल असेल, तर माहितीच्या अधिकारात ‘उत्सर्जनाची माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज करू नका. वर्ष, क्षेत्र, वापराचं परिमाण, लावलेला गुणांक आणि त्याचा स्रोत, मिथेनची धरलेली ताकद, अशा पाच गोष्टींची नावं घेऊन प्रत मागा.